व्यवसायोपचारवाल्या हलगरकर मॅडम

वॉर्डातल्या खाटांना दारं नसतात, हिरवे पडदे असतात. हलगरकर मॅडम त्या पडद्याच्या लोखंडी दांडीवर बोटानं टकटक करायच्या आणि बाहेरच थांबायच्या. "आत येऊ का?" आतला माणूस तापानं फणफणलेला असला तरी त्याचं उत्तर येईपर्यंत त्या हलायच्या नाहीत. बोलता येत नसेल तर दांडीशी वाकून त्याच्या डोळ्यांकडं बघत राहायच्या. खेड्यापाड्यातून आलेल्या लोकांना सुरुवातीला हा प्रकार कळायचाच नाही. "या की बाई, दवाखाना तुमचाच हाय," असं कुणीतरी म्हणायचं. "दवाखाना आमचा, पण खाट तुमची," म्हणत मॅडम आत जायच्या आणि खाटेखालचं बुटकं स्टूल ओढून बसायच्या. पेशंटशी त्या उभ्यानं बोलल्याचं मला आठवत नाही.

नांदेडच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात त्या व्यवसायोपचार विभाग सांभाळत. मी मुखेडची. कॉलेज संपवून पहिल्याच नोकरीला त्यांच्या हाताखाली लागले. 'हाताखाली' हा शब्द मात्र त्यांना चालायचा नाही. एकदा मी फोनवर आईला तसं सांगत होते, ते त्यांनी ऐकलं. फोन झाल्यावर म्हणाल्या, "'त्यांच्याबरोबर' म्हणावं. हाताखाली फडकं असतं."

आमचं काम काय असतं ते लोकांना समजावून सांगणं हीच एक नोकरी होती. लकवा मारलेला, भाजलेला, अपघातात हात गेलेला माणूस वाचतो, घरी जातो. पण जेवायचं कसं, गुंडी लावायची कशी, आपला धंदा परत करायचा कसा, हे त्याला नव्यानं शिकावं लागतं. ते शिकवायचं काम आमचं. याला इंग्रजीत ओटी म्हणतात, आणि दवाखान्यात ओटी म्हटलं की सगळ्यांना ऑपरेशन थेटरच आठवतं. चादरीत गुंडाळलेले पेशंट नातेवाईक थेट आमच्या दारात आणून उभे करायचे. म्हणून मॅडमनी मराठीत पाटी करून घेतली, 'व्यवसायोपचार विभाग'. तेव्हापासून लोक कर्ज मागायला येऊ लागले.

अर्धापूरकडचा एक तरुण तर आधार कार्ड, फोटो, सगळं पिशवीत घेऊन आला. किराणा दुकान टाकायचं होतं. आम्ही पोरी तोंडावर रुमाल धरून हसत होतो. मॅडमनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, कोणत्या बँकेत कुणाला भेटायचं ते नीट सांगितलं. मग म्हणाल्या, "आलाच आहात तर आमचं दुकान बघून जा." त्याला सगळा विभाग फिरून दाखवला. जाड मुठीचे चमचे, एका हातानं लावायच्या गुंड्या, कुलपं-कड्या ठोकलेली फळी. तो त्या चमच्याकडं बराच वेळ बघत राहिला. आठवड्याभरानं आला तो बापाला धरून घेऊन. बापाचा उजवा हात लकव्यानं गेल्या वर्षापासून लुळा पडला होता आणि यावर काही इलाज असतो हे त्या घराला ठाऊकच नव्हतं.

मॅडम मूळच्या निलंग्याकडच्या. घर लातूरला, नोकरी नांदेडला. शनिवारी दुपारी एसटीनं लातूर, सोमवारी सकाळी परत. बारीक काठाची सुती साडी, वर दुमडलेल्या बाह्यांचा पांढरा कोट, पायात कापडी बूट. कोटाच्या खिशात कात्री आणि पट्ट्यांचे तुकडे. सीमेवरची गावं जवळ, त्यामुळं कानडी त्यांना चांगलं यायचं. देगलूरकडची एखादी म्हातारी आली की "बर्री, कूडरी" म्हणून बसवायच्या आणि तिच्याकडून बोटांचा व्यायाम कानडी आकड्यांत करून घ्यायच्या. म्हातारी त्यांचे उच्चार दुरुस्त करायची. तेवढ्या नादात बोटं उघडलेली असायची.

वॉर्डात त्या मला 'शुभांगीताई' म्हणत आणि 'अहो' करत. चहाच्या वेळी दार लोटलं की मी 'शुभे' व्हायचे. "काय गं शुभे, आज डबा कुणी केला, तू का मेसवाल्यानं?" मला आधी ते नाटकी वाटायचं. पण पेशंटही मला ताई म्हणू लागले, सिस्टर लोकही म्हणू लागले, आणि काही महिन्यांत माझं वॉर्डात शिरणंच बदललं. मान वर करून जाऊ लागले.

दर सोमवारी विभागाची छोटी बैठक व्हायची. एखादं अवघड काम निघालं, म्हणजे भांडकुदळ नातेवाइकांशी बोलणं, मुखेडच्या शिबिराची तयारी, स्टोअरमधून सामान सोडवून आणणं, की मॅडम विचारायच्या, "पुढं कोण होतंय?" आणि गप्प बसायच्या. ही शांतता फार अवघड जायची. पंखा फिरत राहायचा. शेवटी कुणीतरी घसा खाकरायचं. त्यावर "शाब्बास" वगैरे काही नाही. "काय लागंल ते सांग," एवढंच. काम फसलं तर मात्र वरच्या साहेबांपुढं त्या स्वतः जायच्या, आणि तिथं काय बोलणी खाल्ली ते आम्हाला कधी कळायचं नाही.

माझी पाळी आली ती हाडांच्या मोठ्या डॉक्टरांपुढं बोलायची. डॉक्टर हुशार, पण तापट. राउंडला आले की सगळा वॉर्ड सावरून बसायचा. माझ्या एका पेशंटच्या हाताचं प्लास्टर बोटांच्या सांध्यांवर आलं होतं, त्यामुळं मूठ वळत नव्हती. ते कापून कमी करायला हवं होतं. मी मॅडमना म्हटलं, तुम्ही सांगा. त्या बरोबर आल्या आणि माझ्या एक पाऊल मागं उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी माझ्याकडं न बघता विचारलं, "काय म्हणताय हलगरकर?"

"पेशंट शुभांगीताईंचा आहे सर. त्या सांगतील."

मी सांगितलं. आवाज चिरकला, पण सांगितलं. डॉक्टरांनी पेशंटचा हात उचलून पाहिला, माझ्याकडं पाहिलं आणि ड्रेसरला प्लास्टर कापायला सांगून पुढं गेले.

चहाच्या वेळी मला वाटलं मॅडम कौतुक करतील. त्या म्हणाल्या, "बरं सांगितलंस. पण सुरुवातीला सॉरी सर म्हणालीस. कशाचं सॉरी होतं ते?" मी कप खाली ठेवला. "चूक झाली की सॉरी म्हणायचं. उगं रोज वापरलं की ऐन वेळी त्याला धार राहत न्हाई."

स्वतःबद्दल त्या फार कमी बोलायच्या. भूकंपाच्या वेळी त्या नोकरीत होत्या आणि सुट्टीत घरी आलेल्या होत्या, म्हणून मदतीला किल्लारीकडं गेल्या, एवढं मला माहीत होतं. तिथल्या तंबूत एक हात गमावलेली बाई त्यांना भेटली. तिनं विचारलं, "लेकीची येणी कशी घालू?" मॅडम म्हणाल्या, "मला येत नव्हतं गं. पुस्तकात नव्हतं ते." लेकीला भिंतीशी बसवून, केसांचा एक पेड दातात धरून एका हातानं वेणी कशी घालायची हे त्यांनी पुढं स्वतः बसवलं आणि कितीतरी बायांना शिकवलं. त्या बाईची मात्र परत भेट झाली नाही. एवढं सांगून त्यांनी कप विसळायला घेतला होता.

आता किसनकाकांचं सांगते. मॅडम म्हटलं की मला बाकी सगळं नंतर आठवतं, हे आधी.

किसनकाका माहूरचे. गडाच्या पायथ्याशी त्यांचं छोटं दुकान. रेणुकामातेला तांबूल लागतो, विड्याचं पान, कात, सुपारी सगळं खलबत्त्यात बारीक कुटून केलेला. हा तांबूल काका कुटून विकायचे. लकव्यानं उजवी बाजू गेली. पायात ताकद लवकर आली, पण हात नाही. बोटं तळव्यात घट्ट वळू लागली होती आणि हाताची जाणीव पार कमी झाली होती. सोबतीला बायको, चंद्रकलाबाई. आम्ही त्यांना मावशी म्हणायचो. उंच, सडपातळ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, बोलणं सडेतोड.

बोटं सरळ राहावीत म्हणून रात्री हाताला बांधायची एक साचेबंद पट्टी असते. प्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यात मऊ करून हातावर बसवतात. आम्ही तिला स्प्लिंट म्हणतो. किसनकाकांची स्प्लिंट मॅडमनी स्वतः केली. शनिवारची दुपार होती, लातूरची बस गाठायची होती. स्प्लिंट घातल्यावर अर्ध्या तासानं काढून कातडीवर कुठं लाल वळ उठलाय का ते बघायचं असतं. आम्हा पोरींना त्यांनी हे इतक्यांदा बजावलं होतं की आम्ही झोपेतही सांगितलं असतं. त्या दिवशी त्यांनी ते बघितलं नाही. मावशींना पट्टे कसे बांधायचे ते घाईनं दाखवलं आणि त्या गेल्या.

सोमवारी सकाळी मी काकांची स्प्लिंट सोडली, तोवर ती दिवसाही कुणी काढली नव्हती. मनगटाच्या बाहेरच्या हाडावर कातडी सोलून जखम झाली होती. काकांना काही जाणवलंच नव्हतं. ते माझ्याकडं बघून हसत होते. मी धावत विभागात आले. मॅडम नुकत्याच येऊन कोट घालत होत्या.

मी सांगितलं आणि लगेच, त्यांना सावरायला म्हणून, पुढं म्हणाले, "मावशींनी पट्टा जास्त आवळला असणार. सिस्टरांनी पण दोन दिवस बघितलं नाही."

ते खोटंही नव्हतं. पट्टा खरंच जास्त आवळलेला होता. आणि तेव्हा दवाखान्यात एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. आमचा आणि फिजिओथेरपीचा विभाग एकत्र करून त्यावर एक प्रमुख नेमायचा होता, आणि त्या खुर्चीवर मॅडमच बसणार असं सगळे धरून चालले होते. निर्णय त्याच आठवड्यात होता.

मॅडम जरा वेळ कोटाची गुंडी धरून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "मावशींना बांधायला कुणी शिकवलं?"

मी काकांची फाइल हातात घेतली.

"चला शुभांगीताई."

पडद्याच्या दांडीवर टकटक. आत येऊ का. स्टूलवर बसल्या, जखम नीट पाहिली, सिस्टरला बोलावून ड्रेसिंग करून घेतलं. मग मावशींकडं वळल्या. "मावशी, ही जखम या पट्टीनं झाली. पट्टी मी केली. घातल्यावर परत काढून बघायला पाहिजे होतं, ते मी बघितलं नाही. मला जायची घाई होती. चूक माझी आहे. काकांची आणि तुमची माफी मागते."

मला वाटलं, एवढी मोठी बाई माफी मागतेय म्हटल्यावर मावशी विरघळतील. तसं झालं नाही. मावशींचा आवाज चढला. "दोन रात्री मी उशाशी बसून हाय. आवळून बांधलं म्हंजी लवकर गुण येईल म्हणून आवळलं मी. तुमी सांगाया नको? आमच्या मालकाच्या हातावर शिकून राहिल्या का तुमी?"

शेजारच्या खाटांवरचे लोक बघू लागले. मी पुढं होऊन काहीतरी बोलणार होते. मॅडमनी नुसता हात आडवा केला. त्या ऐकत राहिल्या. मध्ये तोडलं नाही, स्पष्टीकरण दिलं नाही, मान खाली घातली नाही. मावशींचं बोलणं संपून त्या पदरानं तोंड पुसायला लागल्या, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "जखम भरेपर्यंत आम्ही रोज बघू. पुढचे उपचार दुसऱ्या कुणाकडून पाहिजे असतील तर तसं सांगा. तुमचा हक्क आहे."

मावशींनी माझ्याकडं बोट केलं. "हिला द्या."

"बरं," मॅडम म्हणाल्या.

तिथून त्या सरळ वरच्या मजल्यावर साहेबांच्या खोलीत गेल्या आणि घडलं तसं सांगून आल्या. कुणी विचारायच्या आधी. परतल्यावर आम्हा सगळ्यांना बोलावलं, झालेली गोष्ट जशीच्या तशी सांगितली आणि म्हणाल्या, "अर्धा तास. माझ्यासाठी बी तोच नियम हाय." त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. दुपारी सामानाच्या खोलीत त्या पत्र्यांच्या चळतीवर हात ठेवून नुसत्या उभ्या असलेल्या मला दिसल्या आणि मी आवाज न करता मागं फिरले.

किसनकाका माझे पेशंट झाले. मॅडमना काकांची चौकशी करायची असली की त्या आधी मला विचारायच्या, "शुभांगीताई, आज मी आले तर चालेल का?" पहिल्या दिवशी मी गोंधळले. ती थट्टा नव्हती. मी नको म्हटलं असतं तर त्या खरोखर आल्या नसत्या. जखम भरायला वेळ लागला, पण भरली. बोटं हळूहळू उघडू लागली. मी त्यांना खुंट्या उचलायला, माती दाबायला लावत होते, आणि काका कंटाळत होते.

"त्यांचं दुकान बघितलंस का?" मॅडमनी चहा पिता पिता विचारलं.

"माहूरला?"

"दुकान माहूरलाच हाय ना? मग तिथंच जावं लागंल."

काका घरी गेल्यावर मी गेले. बसनं अर्धा दिवस मोडला. दुकान म्हणजे रस्त्याच्या कडेला ओट्यावरची एक पत्र्याची खोली. काका मांडी घालून जमिनीवर बसायचे, समोर लोखंडी खलबत्ता. आता त्यांना तसं बसता येत नव्हतं आणि बत्ता हातातून निसटत होता. मी तिथंच बसून विचार केला. पाठीला भिंत, बुडाखाली एक बुटका चौरंग. बत्त्याच्या दांड्याला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून मूठ जाड केली. खल हलू नये म्हणून खाली ओलं गोणपाट. उजवा हात बत्त्यावर, डावा हात त्याच्यावर. पहिले काही घाव खलाच्या काठावर बसले. मग आत बसू लागले. काकांच्या कपाळावर घाम आला, पण ते थांबेनात. आतापर्यंत दारात उभ्या असलेल्या मावशी आत येऊन पानं खुडायला बसल्या.

निघताना त्यांनी पळसाच्या पानात तांबूल बांधून दिला. मग दुसरं पान घेतलं, त्यातही बांधला. "हा त्या मोठ्या बाईला. म्हणा, मालकानं कुटला हाय."

दुसऱ्या दिवशी मी ती पुडी मॅडमना दिली. निरोप सांगितला. त्यांनी पुडी सोडली, चिमूटभर तोंडात टाकला, बाकीचा आम्हा सगळ्यांना वाटला. मग विचारलं, "बारीक कुटलाय की. उजवा हात वर होता का डावा?"

"उजवा खाली, डावा वर."

"महिन्याभरानं डावा काढून बघ," म्हणाल्या आणि कोट घालून राउंडला गेल्या.

प्रमुखाची खुर्ची त्यांना मिळाली नाही. फिजिओथेरपीच्या एका सरांना मिळाली, वयानं मॅडमपेक्षा बरेच लहान. ती चूक त्याला कारण झाली की आणखी काही, हे वरून कधी कुणी सांगितलं नाही. आम्ही पोरी चिडलो होतो. नवे सर पहिल्या दिवशी विभागात आले तेव्हा आम्ही जागेवरून उठलोही नाही. मॅडम उठल्या. त्यांना घेऊन वॉर्डभर फिरल्या, एकेका पेशंटशी ओळख करून दिली, "हे आपले प्रमुख" म्हणून. परत आल्यावर दार लोटून आम्हाला म्हणाल्या, "राग मला यायचा तर येईल. तुम्ही कशाला माझ्या वाटचा घेता?" तेवढंच. त्या एका वाक्यात त्यांना राग आला होता हे मला कळलं. त्या सरांच्या बैठकांना त्या निवृत्त होईपर्यंत वेळेवर गेल्या, आणि पटलं नाही तिथं पटत नाही म्हणाल्या, सॉरी न म्हणता.

निवृत्तीच्या दिवशी हारतुरे, भाषणं झाली. मॅडमनी भाषण केलं नाही. एकेकाची सही घेऊन ज्याच्या-त्याच्या कपाटाची चावी दिली आणि संध्याकाळच्या बसनं लातूरला गेल्या.

मध्ये काही वर्षं गेली. आता विभागाचं काम माझ्याकडं आहे. फोन व्हायचे, भेट राहून जायची. गेल्या हिवाळ्यात एका कार्यशाळेसाठी लातूरला गेले होते, तर सकाळी न कळवता त्यांच्या घराकडं निघाले. घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "मैदानावर असतील. गाडी शिकून राहिल्यात."

कोपऱ्यावरच्या शाळेचं मोकळं मैदान होतं. मी फाटकाशी थांबले. मॅडम स्कूटीवर बसल्या होत्या, डोक्यावर मोठं हेल्मेट, पंजाबी ड्रेस, पायात तेच कापडी बूट. बाजूला त्यांची भाची, कॉलेजातली मुलगी, गाडी मागून धरून पळत होती. शेजारणीनं मला दारातच सांगितलं होतं, शहराबाहेरच्या वस्त्यांवर लकव्याची माणसं घरी पडून असतात, रिक्षावाले तिकडं यायला कुरकुरतात, म्हणून बाईंनी या वयात हे काढलंय.

गाडी डगमगली, मॅडमनी दोन्ही पाय जमिनीला घासले. भाची वैतागून म्हणाली, "मावशी, आधी ब्रेक, मग पाय. कितींदा सांगू?"

"बरोबर हाय तुझं," मॅडम म्हणाल्या. "परत सांग, मी म्हणते."

"आधी ब्रेक."

"आधी ब्रेक."

"मग पाय."

"मग पाय."

मी हाक मारणार होते. पण भाचीनं हात सोडला होता आणि गाडी सुटली होती. मैदानाच्या टोकाला वळण होतं, त्याच्यापलीकडं बाभळीची रांग. मॅडमनी वेग कमी केला, मान ताठ ठेवून सावकाश वळण घेतलं आणि झाडांमागं दिसेनाशा झाल्या. स्कूटीचा आवाज तेवढा येत राहिला, एकसारखा, न अडखळता. भाची कमरेवर हात ठेवून तिकडं बघत उभी होती. मीही उभी राहिले.